तिसऱ्या पेल्याची खबर

"पैज! इथून घरापर्यंत पाऊण तास! जो हरेल त्याने आठवडाभर शेळ्यांच्या लेंड्या झाडायच्या!"

हिलालने मनगटावरच्या घड्याळाच्या बटणावर बोट टेकवलं. मस्कतहून मामाकडे सुट्टीला आल्यापासून तो सगळं काही घड्याळाने मोजत होता. काल तर मामीने भाकरी थापायला किती सेकंद घेतले, तेही त्याने मोठ्याने जाहीर केलं होतं!

"आधी कहला सापडू दे," रय्या म्हणाली. "मग काय झाडायचं ते झाड."

कहला म्हणजे घरची काळी शेळी. भारी आगाऊ! काल संध्याकाळपासून ती गायब होती. तिला शोधायला रय्या, तिचा धाकटा भाऊ नबहान आणि आतेभाऊ हिलाल सकाळीच पठारावरच्या खितैम गावाहून निघून कड्यातल्या वाटेने साबला आले होते. साब हे आजोबांचं जुनं गाव. वर उभा कडा, खाली डोळे फिरवणारी दरी आणि मधल्या कपारीत दगडांची दहा-बारा घरं. रय्याच्या बाबांच्या जन्माआधीच माणसं घरं सोडून वर पठारावर राहायला गेली. तेव्हापासून साबमध्ये शेळ्या येतात, गिरिभ्रमणाला निघालेले पाहुणे येतात आणि संध्याकाळपर्यंत सगळे परत जातात.

"शेवटच्या घरात बघितलंस का?" रय्याने विचारलं.

"बघितलं," नबहान आतून ओरडला. "शेळ्या आहेत, पण भिंतीवरच्या!"

दाराशेजारच्या मातीच्या गिलाव्यावर कुणीतरी कधीतरी टोकदार दगडाने सात शेळ्या कोरल्या होत्या. सहा अगदी व्यवस्थित होत्या, शिंगं, दाढी, शेपूट सगळं जिथल्या तिथे. सातवीला मात्र तीनच पाय होते.

"चित्रकाराला मोजता येत नव्हतं," हिलाल म्हणाला.

"किंवा त्याचा आतेभाऊ मागे घड्याळ घेऊन उभा असेल!" रय्याने टोला हाणला. नबहान खो खो हसला.

रय्याला मात्र ती शेळी नेहमी पाहावीशी वाटे. इथे आलं की ती त्या अर्धवट जागेवर एकदा बोट ठेवून बघायची. आपण असं का करतो, ते तिलाही सांगता आलं नसतं.

कहलाचा पत्ता नव्हता. शेवटी तिघं परत फिरले. वाट तशी रुंद होती, दोन गाढवं शेजारी शेजारी चालतील एवढी, पण डाव्या हाताला सगळं मोकळं होतं. खाली दरीच्या तळाशी ओढ्याचं कोरडं पात्र दोरीएवढं दिसत होतं. जानेवारीचं ऊन अंगाला बरं वाटत होतं. सावलीत गेलं की हात बगलेत घालावे लागत.

वाटेतलं वाकडं रानजैतुनाचं झाड ओलांडून थोडं पुढे गेल्यावर समोरून माणसांची रांग आली. मस्कतचा गट होता. पुढे काळा चष्मा, गळ्यात लाल शिट्टी आणि पाठीवर दोराची गुंडाळी असा एक उंच तरुण. त्याच्या टोपीवर 'कॅप्टन मुन्ज़िर' असं लिहिलेलं होतं.

"सलाम, काका! काय खबर?" रय्याने रिवाजाप्रमाणे विचारलं. वाटेत माणूस भेटला की थांबायचं आणि खबरबात विचारायची. जबल शम्सच्या डोंगरावर हे मूल बोलायला लागतं तेव्हाच शिकतं.

"ठीक, ठीक! खबर काही नाही! बाजूला व्हा बघू, आम्हाला तीनला परत यायचंय!" असं म्हणत कॅप्टन थांबलासुद्धा नाही.

"हा माणूस मला आवडला," हिलाल म्हणाला. "वेळेचा पक्का!"

रांग निघून गेली. सगळ्यांत मागे, चांगलंच अंतर ठेवून, एक म्हातारी बाई येत होती. काळा पायघोळ अबाया गुडघ्यापर्यंत खोचलेला, डोक्याला पिवळी ओढणी, हातात काठी. ती दरीकडे नाही, कड्याकडेही नाही, सरळ पुढे बघत चालली होती, घरी निघाल्यासारखी. "सलाम, पोरांनो," एवढंच म्हणाली आणि पुढे गेली.

तिघं आणखी थोडं पुढे गेल्यावर रय्याने सहज मागे वळून पाहिलं. बाई जैतुनापाशी थांबली होती. तिने खोडावर हात ठेवला, खाली वाकून पाहिलं आणि मुख्य वाट सोडून उजवीकडच्या शेळवाटेने खाली उतरू लागली. बघता बघता पिवळी ओढणी दगडाआड गेली.

रय्या थबकली. ती वाट बाहेरच्यांना माहीतच नसते. खालच्या पट्ट्यावरून ती थेट साबच्या पायथ्याशी निघायची. निघायची म्हणजे दोन हिवाळ्यांपूर्वीपर्यंत. तेव्हाच्या पुरात मधला तुकडा ढासळला आणि आजोबांनी सगळ्यांना तिकडे जायची बंदी केली. 'हाक मारावी का?' तिच्या मनात आलं. 'पण बाई तर इतक्या सवयीने उतरतेय! इथलीच कुणीतरी असणार. तिला माहीत असेलच की.'

"रय्याऽऽ! मी घड्याळ सुरू केलंय!" पुढून हिलालची आरोळी आली.

आणि रय्या धावत सुटली.

वाट जिथे संपते तिथे, पठाराच्या टोकाला, आजोबा बसत. मागे दगडांच्या गडग्यावर त्यांनी विणलेले तांबडे-काळे गालिचे वाळत घातल्यासारखे पसरलेले, पुढे निखाऱ्यांवर कहव्याची, म्हणजे वेलदोडा घातलेल्या कॉफीची, किटली. गुडघे गेल्यापासून आजोबा कड्यात उतरत नसत. पण वाटेवरून येणाऱ्या प्रत्येकाला त्यांचा प्रश्न ठरलेला असे. फ्रेंच असो, जपानी असो, नाहीतर घरची नातवंडं!

"काय खबर?"

"सगळं ठीक, आजोबा! खबर काही नाही!" रय्याने धापा टाकत सांगितलं.

"कहला?"

"नाही मिळाली!"

"बस जरा. कहवा..."

"नंतर! आईने मध घालून भाकरी केल्यात!" आणि ती घराकडे पळाली.

जेवताना हिलाल म्हणाला, "एक सांग. सगळे जर 'खबर नाही' असंच सांगतात, तर आजोबा विचारतात कशाला? फुकट दोन मिनिटं!"

रय्या भाकरीचा तुकडा मोडून तसाच धरून बसली. ती पिवळी ओढणी डोळ्यांपुढून हलत नव्हती.

तीन वाजता कॅप्टनचा गट परत आला. माणसं पठारावर उभ्या असलेल्या बसच्या सावलीत बसून बूट झटकू लागली. रय्या गडग्याशी उभी राहून एकेक चेहरा पाहत होती. पिवळी ओढणी कुठेच दिसेना. 'आत बसली असेल,' तिने स्वतःला समजावलं. पण बस तर रिकामी होती!

तेवढ्यात घंटा वाजली. कड्याच्या काठावरून एक काळं डोकं वर आलं.

"कहला!" नबहानने धाव घेतली. "आलीस का, भवाने! अगं, हे काय घातलंयस?"

शेळीच्या गळ्यात पिवळ्या कापडाची पट्टी होती.

"कुणाची तरी ओढणी खाल्ली!" कॅप्टन हसून म्हणाला. "तुमच्या शेळ्या म्हणजे अगदी..."

"खाल्लेली नाही," हिलाल वाकून म्हणाला. आता त्याचं लक्ष घड्याळाकडे नव्हतं. "बांधलीय. बघ, नीट गाठ मारलीय."

आजोबांनी हात पुढे केला. नबहानने कहलाला त्यांच्यापाशी ओढून आणलं. आजोबांनी गाठीवरून अंगठा फिरवला, दोनदा फिरवला.

"ही विणकराची गाठ," ते हळूच म्हणाले. "धागा तुटला की मारतात ती. साबमध्ये पोरं शेळीच्या गळ्यात अशी चिंधी बांधून पाठवायची. म्हणजे घरच्यांनी समजायचं, आपलं माणूस खाली अडकलंय. पण ही गाठ मारणारं आता कोण उरलंय?"

रय्या आजोबांच्या पुढे येऊन उभी राहिली. मग सगळं एकदमच बाहेर पडलं.

"आजोबा, खबर होती! मी सांगितली नाही! पिवळ्या ओढणीची एक बाई जैतुनापासून शेळवाटेने खाली गेली. मी बघितलं. मला वाटलं, तिला माहीत असेल. हाक मारली नाही. आणि तुम्ही विचारलंत तेव्हा... तेव्हा मी खबर नाही म्हटलं!"

तिला रडू आवरेना. आजोबा रागावतील, असं तिला वाटत होतं. खरं तर त्यांनी रागवावं, असंच वाटत होतं.

आजोबा रागावले नाहीत. "इकडे बस," ते म्हणाले. "हिलाल, तूही ऐक, नबहानने तुझा प्रश्न मला सांगितलाय. पहिल्या पेल्याला माणूस 'सगळं ठीक' म्हणतो. घरात दुःख झालेलं असलं तरी म्हणतो, कारण समोरच्याला दारातच धक्का द्यायचा नसतो. दुसऱ्या पेल्याला पावसापाण्याचं बोलतो. खरी खबर तिसऱ्या पेल्याला निघते. म्हणून तर आपण माणसाला बसवतो. तू पहिल्या पेल्याचं उत्तर दिलंस आणि पळालीस. चूक झाली. आणि तुला पळू दिलं, ही माझी. आता रडणं नंतर. ती कितीला उतरली?"

"साडेअकराला," हिलाल चटकन म्हणाला. "मी घड्याळ सुरू केलं तेव्हा अकरा एकतीस झाले होते."

"पहा, घड्याळही कधी कामाला येतं," आजोबा म्हणाले. "सूर्य मावळायला अडीच तास आहेत. रात्री इथे पाणी गोठतं. मुन्ज़िर बेटा, इकडे ये!"

कॅप्टन आला. सगळं ऐकून त्याने खांदे उडवले. "त्या ज़यानामावशी! काका, त्यांनी सकाळीच मला सांगितलं, 'माझी माणसं इथेच आहेत, माझी काळजी करू नकोस.' त्या नातेवाइकांकडे गेल्यात. परतीला येणारच नव्हत्या."

"कुणाकडे गेल्यात?" रय्याने विचारलं.

"ते मी कशाला विचारू?"

"अहो, खितैमात पंधरा घरं आहेत! पाहुणी आली असती तर तिने चपला काढायच्या आधी आमच्याकडे कळलं असतं!"

"हे बघ मुली, खालचा रस्ता खडीचा आहे. अंधाराच्या आत मला बस उतरवायचीय. एका शेळीच्या गळ्यातल्या चिंधीवरून मी अठरा माणसं थांबवू?"

आजोबांनी रय्याकडे पाहिलं. बाबा आणि गावातले बाकीचे पुरुष खालच्या हमरा गावी लग्नाला गेलेले. दोर कॅप्टनकडे, दोर ओढणारे हातही त्याच्याच गटात. त्याला जाऊ देऊन चालणार नव्हतं, आणि धरून ठेवता येत नव्हतं.

रय्या नबहान आणि हिलालच्या कानाला लागली. नबहानचे डोळे चमकले.

"जा हो, जा," आजोबाही मोठ्याने म्हणाले, जणू त्यांनी सगळं ऐकलंच होतं. "पण कहवा न घेता? माझ्या दारावरून? मस्कतमध्ये तशी पद्धत आहे का आता?"

कॅप्टनने घड्याळ पाहिलं, आजोबांची पांढरी दाढी पाहिली आणि मांडी घालून बसला. ओमानी माणूस काहीही टाळेल, म्हाताऱ्याचा कहवा टाळणार नाही! "एकच पेला, काका."

"तुमची शिट्टी काय झकास आहे, कॅप्टन!" हिलाल शेजारी येऊन बसला. "एकदा बघू?"

कॅप्टनने खुशीत शिट्टी गळ्यातून काढून दिली. पुढच्या क्षणी हिलाल आणि रय्या कड्याच्या वाटेला लागले होते.

"तीन शिट्ट्या म्हणजे सापडली!" मागून नबहानचा बारीक आवाज आला. मग लगेच मोठा, सालस आवाज, "घ्या ना काका, खजूर घ्या! खलास जातीचे आहेत!"

जैतुनापर्यंतची वाट एरवी चाळीस मिनिटांची. आज किती लागली, ते हिलालने मोजलं नाही. जैतुनाखाली शेळवाट अजून दिसत होती, हातभर रुंद. वीस पावलांवर मोठ्या खडकाला वळसा घालून ती पलीकडे जायची. पलीकडे म्हणजे जिथे आता काहीच नव्हतं.

हिलाल सरळ उतरायला लागला. रय्याने त्याचा शर्ट मागून घट्ट धरला.

"सोड! वेळ जातोय!"

"तू पडलास तर दोघांना काढावं लागेल! आजोबा म्हणतात, कडा दिसला की आधी पोटावर यायचं. पोटावर ये!"

दोघं पोटावर सरपटत खडकापर्यंत गेले. रय्याने डोकं पुढे काढलं. दोन पुरुष खोल, एका चिंचोळ्या कपारीत काळा अबाया दिसला. बाई भिंतीला पाठ लावून बसली होती. एक पाय सरळ पुढे, बूट काढलेला, घोटा उरलेल्या पिवळ्या ओढणीने बांधलेला. डोळे मिटलेले होते. हलत नव्हती.

रय्याला काय हाक मारावी ते सुचेना. मग तोंडून आपोआप तेच निघालं, जे हजार वेळा म्हटलं होतं.

"मावशीऽऽ! काय खबर?"

बाईने डोळे उघडले. वर पाहिलं. आणि तिच्याही तोंडून तेच निघालं, जे तिने आयुष्यभर म्हटलं असणार.

"सगळं ठीक, बेटा! खबर काही नाही!"

"काय ठीक?" हिलाल किंचाळला. "अहो, तुम्ही कड्यात अडकलाय! पाय मोडलाय!"

"मुरगळलाय नुसता," खालून आवाज आला. "वाट होती की रे इथे! कुठे गेली?"

रय्या हसत होती आणि तिच्या डोळ्यांतून पाणी खडकावर टपटपत होतं. हिलालने शिट्टी तोंडाला लावली. एक, दोन, तीन! दरीच्या एका भिंतीने शिट्ट्या दुसरीकडे फेकल्या, दुसरीने परत केल्या. दरीवर घिरट्या घालणारी दोन गिधाडं बिचकून वर चढली.

इकडे गडग्यापाशी कॅप्टन मुन्ज़िर अकराव्या पेल्यावर होता. पुरे झालं हे सांगायला पेला हलवायचा असतो. कॅप्टनने तो नवव्यांदा हलवला, पण दर वेळी नेमकं तेव्हाच नबहानला आकाशात गिधाड दिसायचं. "ते बघा, केवढं!" म्हणत तो वर बघायचा आणि हात आपला ओततच राहायचा!

शिट्ट्या ऐकू आल्या. कॅप्टनचा हात गळ्याकडे गेला. शिट्टी तिथे नव्हती. तो आजोबांकडे पाहत राहिला, मग नबहानकडे, मग शेळीच्या गळ्यातल्या पिवळ्या चिंधीकडे. त्याचा चेहरा उतरला.

"दोर!" तो ओरडत उठला. "यूनुस, हमद, चला! पाणी घ्या!"

"आणि हेही," आजोबांनी गडग्यावरचा सर्वांत जाड गालिचा ओढून त्याच्या अंगावर टाकला. "दोर दगडावर घासला तर तुटेल. त्याखाली घाल."

यापुढचं मात्र कॅप्टनने चोख केलं, ते कबूल करायला हवं. त्याने दोर जैतुनाच्या बुंध्याला दोन वेढे देऊन बांधला, कडेवर गालिचा अंथरला, स्वतः खाली उतरला आणि ज़यानामावशींना पाठीशी बांधून घेतलं. वरून यूनुस, हमद, हिलाल आणि रय्या दोर ओढत होते. "सावकाश! सावकाश!" असं कुणी ओरडत असेल तर त्या ज़यानामावशीच होत्या!

परत गडग्यापाशी पोहोचायला साडेपाच झाले. समोरची कड्याची भिंत तांबडी झाली होती. बाईंना गालिच्यांच्या ढिगावर बसवलं, रय्याच्या आईने घोट्याला गरम तेल लावून पट्टी बांधली. आजोबांनी पेला भरून स्वतः त्यांच्या हातात दिला.

"काय खबर?"

"सगळं ठीक."

दुसरा पेला. यंदा पाऊस कमी झाला. शेळ्या बऱ्या दिसतायत.

तिसरा पेला. ज़यानामावशींनी तो दोन्ही हातांत धरला.

"मी साबच्या शेवटच्या घरातली," त्या म्हणाल्या. "गाव सोडलं तेव्हा या मुलीएवढी होते. सोहारला गेलो, लग्न झालं, नातवंडं झाली. एकदा घर बघावं म्हटलं. इथे बसलेलं माणूस ओळखीचं वाटलं, पण मनात आलं, आधी घर बघू, मग सांगू. न थांबता पुढे गेले. आमच्या वेळची जवळची वाट दिसली, पाय आपोआप वळले."

"शेवटचं घर," आजोबा पुटपुटले. "म्हणजे तू मसऊदची धाकटी! सगळ्या गावाच्या शेळ्यांना चिंध्या बांधत फिरायचीस!"

"तूच का रे तो खलफान? मला झाडावर चढवून शिडी काढून घेणारा?"

सगळे हसले. कॅप्टन हसला नाही. त्याने पेला खाली ठेवला.

"माझीपण खबर आहे," तो म्हणाला. "मावशी म्हणाल्या, माझी माणसं इथेच आहेत. मी विचारलं नाही, कोण, कुठे. विचारलं असतं तर दोन मिनिटं गेली असती. या मुलीला वाटेत उत्तर देतानाही मी थांबलो नाही. मग पोरांनी मला बसवून ठेवलं. अकरा पेले! आज रात्री मला झोप लागायची नाही, आणि ती कहव्यामुळे नाही." तो रय्याकडे वळला. "माझ्या गटात शिकलेली, मोठी अठरा माणसं होती. शेळीच्या गळ्यातली गाठ तुम्ही तिघांनी वाचली. शाबास!"

"शाबासकी वाटून घ्या," आजोबा म्हणाले. "वेळ नेमकी सांगितली ती हिलालने. किल्ला लढवला तो नबहानने, किटलीने! आणि रय्याने दोन अवघड कामं केली. कड्यावर घाई केली नाही. आणि चूक झाल्यावर सगळ्यांदेखत खरं बोलली. हे दुसरं मला या वयातही जड जातं."

रय्याने मान खाली घातली. आजोबांनी एक पेला भरला आणि तिच्यापुढे धरला. घरच्या मुलांनी कहवा वाढायचा असतो. पाहुण्यांच्या बैठकीत तो तिच्या हातात आजवर कुणी दिला नव्हता.

बस निघून गेली. ज़यानामावशी मात्र राहिल्या. त्यांची माणसं इथेच होती, हे तर त्यांनी सकाळीच सांगितलं होतं!

"मुली, तू साबला जातेस ना नेहमी?" त्यांनी विचारलं. "माझं घर काही बघायला मिळालं नाही. आता या पायाने कधी मिळणार, कोण जाणे! काय खबर त्याची?"

"सगळं ठी..." रय्या म्हणाली आणि थांबली.

तिने पेला संपवला. मग दुसरा. तिसरा हातात आल्यावर तिने सरळ त्यांच्या डोळ्यांत पाहिलं.

"छप्पर पडलंय, मावशी. अर्धं. मागची भिंतही फुगलीय, पुढच्या पावसात राहील असं वाटत नाही. पण चूल आहे. जातं आहे. आणि दाराशेजारी भिंतीवर सात शेळ्या आहेत."

ज़यानामावशींचा हात तोंडाशी गेला.

"सातवीला तीन पाय," त्या म्हणाल्या. "गाढव लादून झालं होतं. आई हाका मारत होती, चल, चल, उशीर होतोय. चौथा राहिला." त्यांनी डोळे पुसले. "तू जाशील तेव्हा तो पाय कोरून टाक, बेटा. टोकदार दगड घे."

हिलालने रय्याकडे पाहिलं.

"नाही, मावशी," रय्या म्हणाली. "तो मी नाही काढणार. तुमचा घोटा बरा झाला की आपण मोठ्या वाटेने जाऊ. गाढव आणू. तुम्हीच काढा."

"आणि भिंत तोवर पडली तर?"

"आम्ही उद्याच तिला दगडांचा टेका लावतो," हिलाल म्हणाला. "कितीही वेळ लागू दे."

आजोबांनी निखारे फुंकले आणि किटली पुन्हा वर चढवली.